वॉन्डोचं प्रकरण: वयाच्या २६ पर्यंत ७ गोल, त्यानंतर १६४

अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये म्हणजे एमएलएसमध्ये सगळ्यात जास्त गोल कोणाचे असं विचारलं तर बरेच जण अमेरिकेचा गाजलेला खेळाडू लँडन डॉनोव्हनचं नाव घेतात, नाहीतर युरोपातून आलेल्या कुठल्यातरी स्टारचं. खरं उत्तर आहे क्रिस वॉन्डोलॉस्की, म्हणजेच वॉन्डो, १७१ गोल. आणि ज्यांना हे नाव माहितीये त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना तो आठवतो तो एका न झालेल्या गोलासाठी, २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये बेल्जियमसमोर शेवटच्या मिनिटांत समोर गोल उघडा असताना वरून मारलेला बॉल. मला हे प्रकरण नीट मांडायचंय कारण एखाद्या फॉरवर्डला कसं मोजायचं, आणि आपण कसं चुकीचं मोजतो, हे याच्याइतकं स्पष्ट दुसऱ्या कुणाच्या करिअरमध्ये दिसत नाही असं माझं ठाम मत आहे.

आधी आकडे. जन्म २८ जानेवारी १९८३, कॅलिफोर्नियातलं डॅनव्हिल. एमएलएसमध्ये आला २००५ ला. २००९ चा सीझन संपला तेव्हा वय २६, लीगमध्ये पाच वर्षं झालेली आणि गोल किती तर एकूण ७, त्यातले ४ ह्यूस्टनसाठी आणि ३ सॅन होजेसाठी. आणि २०१० ते २०२१ या बारा सीझनमध्ये १६४. वर्षावार बघा: १८, १६, २७, ११, १४, १६, १२, १३, १०, १५, ७, ५. म्हणजे सलग दहा सीझन दोन आकडी गोल. ज्या वयात बाकीचे फॉरवर्ड आपल्या शिखरावर असतात किंवा उतरणीला लागायची तयारी करत असतात त्या वयात याचं खातं उघडलं.

मग प्रश्न येतोच की आधीची पाच वर्षं हा माणूस कुठे होता आणि कुणालाच कसा दिसला नाही.

कॉलेजपासून सुरुवात करू. अमेरिकेत कॉलेज स्पोर्ट्सचे डिव्हिजन असतात, डिव्हिजन वन म्हणजे मोठ्या युनिव्हर्सिट्या, तिथे स्काउट येतात, टीव्ही येतो. वॉन्डो खेळला चिको स्टेटकडून, डिव्हिजन टू. टीम चांगली होती, २००३ ला डिव्हिजन टूच्या नॅशनल फायनलपर्यंत गेली, पण डिव्हिजन टू म्हणजे डिव्हिजन टू. २००५ मध्ये सॅन होजे अर्थक्वेक्सने त्याला घेतलं ते मुख्य ड्राफ्टमध्ये (क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे) नाही, सप्लिमेंटल ड्राफ्टमध्ये, म्हणजे मुख्य ड्राफ्टमध्ये कोणी न घेतलेल्या पोरांमधून उरलेसुरले निवडायचे तिथे, आणि तिथेही ४१ वा नंबर. कॉन्ट्रॅक्ट डेव्हलपमेंटल, म्हणजे शिकाऊ खेळाडूचं. त्या काळात डेव्हलपमेंटल खेळाडूला वर्षाला १२ हजार डॉलरच्या आसपास मिळायचे आणि राहायचं कुठे तर बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, जिथे तेव्हाही त्या पैशात खोलीचं भाडं निघणं मुश्किल. (सनीवेल, फ्रीमाँट, सॅन होजे भागात आपली जी मराठी मंडळी आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.)

त्यात त्याच वर्षाच्या शेवटी क्लबच उचलून टेक्सासला नेला. सॅन होजेला हवं तसं स्टेडियम मिळेना म्हणून खेळाडू आणि कोच सगळे ह्यूस्टनला गेले आणि ह्यूस्टन डायनॅमो झाले, अर्थक्वेक्स हे नाव आणि इतिहास तेवढा मागे राहिला. ह्यूस्टनची टीम एकदम तगडी, २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोन वर्षं एमएलएस कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकली. पुढे ब्रायन चिंग, ड्वेन डी रोझारिओ असे लोक. कोच डॉमिनिक किनिअर. अशा टीममध्ये कोच काय म्हणून बदल करेल? वॉन्डो राखीव टीमकडून खेळायचा, तिथे धडाधड गोल करायचा, आणि मुख्य टीममध्ये मिळाले तर शेवटची दहा-पंधरा मिनिटं.

आता इथे माझं मुख्य म्हणणं येतं. वॉन्डो कसा खेळायचा हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पटेल. त्याच्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. चार जणांना चकवून जाणारा ड्रिबल नाही, तीस यार्डावरून बाण मारणारा नाही, वेग बरा पण डोळे दिपवणारा नाही, उंची सहा फुटांच्या आसपास. ट्रायलला बोलवून अर्धा तास बघितलं तर वहीत लिहायला काही सापडणार नाही असा खेळाडू. त्याची सगळी कला बॉल जवळ नसताना. डिफेंडरच्या नजरेच्या मागे, म्हणजे डिफेंडर क्रॉस (बाजूने गोलासमोर टाकलेला बॉल) देणाऱ्याकडे बघत असतो तेव्हा त्याच्या पाठीमागच्या खांद्याशी उभं राहायचं, क्रॉस निघायच्या क्षणी एक पाऊल मागे घेऊन दोन पावलं पुढे, निअर पोस्टला, म्हणजे गोलाच्या जवळच्या खांबाशी. दुसऱ्याने शॉट मारला की बाकीचे बघत उभे राहतात, हा पळत सुटायचा, दर वेळी, कीपरच्या हातून बॉल सुटेल म्हणून. दहातल्या नऊ वेळा सुटायचा नाही. मग हा वळून परत जागेवर. पुढच्या शॉटला परत तेच. क्रिकेटमध्ये चांगला स्लिप फील्डर दिवसभर प्रत्येक बॉलला खाली वाकतो आणि कॅच येतो तो चहाच्या आधी एकदा, तसं आहे हे.

आणि टच? बहुतेक गोल एका टचमध्ये. बॉल थांबवला, वळला, बघितला, मारला असा वेळच त्या जागेत मिळत नाही, पाय लावायचा नाहीतर डोकं लावायचं आणि विषय संपला. लोक अशा गोलांना टॅप-इन म्हणून नाक मुरडतात, मला ते अजिबात पटत नाही. टॅप-इन सोपा असतो तो पाय लावताना, तिथे त्या सेकंदाला पोचणं सोपं नसतं, नाहीतर सगळ्यांनीच शंभर-शंभर केले असते.

पण अशा खेळाडूची अडचण काय होते बघा. ह्याची कला दिसायला वेळ लागतो, भरपूर वेळ, शेकडो मिनिटं. दहा धावांतली, म्हणजे बॉलच्या अंदाजाने मारलेल्या दहा दौडींतली, एक फळते. तुम्ही त्याला आठवड्याला दहा मिनिटं दिलीत तर त्या दहा मिनिटांत एकदा पळेल, बॉल येणार नाही, आणि तुम्ही म्हणाल याने काहीच केलं नाही. ड्रिबल करणारा पोरगा त्याच दहा मिनिटांत दोघांना चकवून जाईल, पुढे बॉल घालवेल, तरी तुमच्या डोक्यात राहील. म्हणून किनिअरला मी दोष देत नाही, त्याच्याकडे चालणारी टीम होती. पण ज्याचं मोल हिशोबाच्या लांबीवर ठरतं त्याला तुकड्या-तुकड्यांत मोजलं की तो नेहमी कमीच भरतो, आणि ह्यूस्टनमध्ये नेमकं हेच झालं.

जून २००९ मध्ये ट्रेड झाला. सॅन होजेला २००८ ला परत क्लब मिळाला होता, टीम नवीन, कमकुवत. त्यांनी कॅम वीव्हर नावाचा उंच स्ट्रायकर ह्यूस्टनला दिला आणि बदल्यात वॉन्डोला घेतलं. तेव्हा ही बातमी कुणी दोनदा वाचली नसेल. आज बघितलं तर एमएलएसच्या इतिहासातला सगळ्यात एकतर्फी सौदा म्हणायला हरकत नाही. कोच फ्रँक यॅलप. आणि कमकुवत टीमचा एक फायदा असतो, तिथे जागा रिकामी असते. २०१० मध्ये त्याला मॅचमागून मॅच सुरुवातीपासून खेळायला मिळालं आणि वर्षाअखेर १८ गोल, सगळ्यात जास्त गोलांसाठीचा गोल्डन बूट, एडसन बडलला एका गोलने मागे टाकून. खेळाडू तोच, धावा त्याच, मिनिटं तेवढी वाढली.

हेही सांगायला पाहिजे की त्या वेळी अर्थक्वेक्स बक शॉ स्टेडियममध्ये खेळायचे, सांता क्लारा युनिव्हर्सिटीचं छोटंसं ग्राउंड, जेमतेम साडेदहा हजार प्रेक्षकांचं. झगमगाट काही नाही. २०११ ला १६ गोल, डी रोझारिओशी बरोबरी, पण बूट डी रोझारिओकडे गेला कारण त्याचे असिस्ट, म्हणजे गोलासाठी दिलेले पास, जास्त. ह्यूस्टनमध्ये ज्याच्या मागे बेंचवर बसायचा त्याच्याच बरोबरीने गोल.

आणि मग २०१२. त्या सीझनबद्दल लिहायला बसलं तर वेगळा लेख होईल. पुढे स्टीव्हन लेनहार्ट आणि अ‍ॅलन गॉर्डन अशी दोन धिप्पाड माणसं, हवेतला प्रत्येक बॉल त्यांचा, डिफेंडरना धक्के देऊन हैराण करायचे, आणि त्या गोंधळातून जो बॉल खाली पडेल तिथे वॉन्डो. टीमने शेवटच्या मिनिटांत सामने फिरवायची सवयच लावून घेतली होती. लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट म्हणून सपोर्टर्स शील्ड मिळाली, वॉन्डोचे २७ गोल झाले, म्हणजे रॉय लासिटरने १९९६ ला टॅम्पा बे म्युटिनीकडून केलेल्या विक्रमाची बरोबरी, आणि लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. सोळा वर्षं कुणी त्या आकड्यापर्यंत पोचलं नव्हतं. नंतर २०१८ ला जोसेफ मार्टिनेझने ३१ आणि २०१९ ला कार्लोस व्हेलाने ३४ केले, पण ते दोघे मोठी रक्कम मोजून आणलेले खेळाडू, आणि हा ४१ व्या नंबरवरचा.

राष्ट्रीय टीममध्ये तो आला जानेवारी २०११ ला, चिलीविरुद्ध, २८ पूर्ण व्हायच्या आठवडाभर आधी. आणि तिथे परत तीच ह्यूस्टनवाली गोष्ट, इथे दहा मिनिटं, तिथे वीस मिनिटं, पुढच्या मॅचला बाहेर. पहिला गोल यायला जुलै २०१३ उजाडलं. त्या महिन्यात गोल्ड कपमध्ये (उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियन देशांची स्पर्धा) बेलीझविरुद्ध हॅटट्रिक केली, त्या मॅचला शर्टावर त्याच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा चुकलेलं होतं, एक अक्षर जास्त पडलेलं. क्युबाविरुद्ध आणखी दोन. स्पर्धेत ५ गोल, टॉप स्कोअररमध्ये. २०१४ च्या सुरुवातीला दक्षिण कोरियाविरुद्ध दोन, एप्रिलमध्ये मेक्सिकोविरुद्ध एक.

मे २०१४ ला कोच युर्गेन क्लिन्समनने वर्ल्ड कपची २३ जणांची यादी काढली आणि त्यात लँडन डॉनोव्हन नव्हता. अमेरिकेत तेव्हा जो गदारोळ झाला तो विचारू नका. आणि यादीत वॉन्डोलॉस्की होता. एकाच्या जागी दुसरा असं सरळ नव्हतं, खेळायची जागाही वेगळी, पण लोकांनी तसंच जोडून टाकलं, त्यामुळे ब्राझीलला जाण्याआधीच त्याच्या खांद्यावर एक ओझं होतं जे त्याने मागितलेलं नव्हतं.

पहिल्याच मॅचमध्ये घानाविरुद्ध जोझी अल्टिडोरचा हॅमस्ट्रिंग गेला. मुख्य स्ट्रायकर बाहेर. तरी वॉन्डोला पोर्तुगालविरुद्ध शेवटची काही मिनिटं मिळाली तेवढीच. मग १ जुलै, साल्वाडोर, बेल्जियम. आपल्याकडे रात्री दीडला सुरू झाली होती ती मॅच. टिम हॉवर्डने त्या रात्री १५ सेव्ह केले, एकटा उभा होता तो, बेल्जियमने वेढा घातल्यासारखं खेळून ठेवलं होतं. ७२ व्या मिनिटाला ग्रॅहम झूसीच्या जागी वॉन्डो आला. ०-० चाललेली. आणि इंज्युरी टाइममध्ये लांबून बॉल आला, जर्मेन जोन्सने डोक्याने पुढे ढकलला, आणि तो पडला सहा यार्डच्या आत, थिबो कोर्टवासमोर, वॉन्डोच्या पायाशी. त्याने पाय लावला आणि बॉल वरून गेला.

एक्स्ट्रा टाइममध्ये बेल्जियमचे गोल, आधी डी ब्रुइने, मग लुकाकू, मग अमेरिकेच्या ज्युलियन ग्रीनचा एक. २-१. संपलं. वॉन्डोने त्याच दिवशी ट्विटरवर सगळ्यांची माफी मागितली. लाइन्समनचा झेंडा वर होता का, ऑफसाइड होता का, यावर पुढे बरेच दिवस वाद झाले, मला त्यात जायचं नाही, त्याने स्वतः त्याचा आडोसा घेतला नाही एवढं माझ्यासाठी पुरे.

लोक काय म्हणाले ते आठवत असेलच. डॉनोव्हन असता तर घातला असता. डिव्हिजन टूचा माणूस वर्ल्ड कपला नेला की असंच होणार. मला तेव्हाही राग आला होता आणि अजून येतो, आणि त्याचं कारण भावना नाही. तो शॉट चुकला, वाईट चुकला, त्याच्यासारख्याने तिथे गोल करायलाच हवा होता, हे मान्य. पण ९० मिनिटं झाल्यावर, सगळ्यांचे पाय जड झालेले असताना, त्या जागेवर पोचला कोण? सगळ्या मॅचमध्ये अमेरिकेला त्याच्याइतकी सोपी संधी दुसऱ्या कुणाला मिळाली नाही, आणि ती नशिबाने मिळाली नव्हती, जोन्सने उडी मारली तेव्हाच तो पळायला लागला होता, जसा तो आयुष्यभर दर वेळी पळत आला. म्हणजे ज्या सवयीने लीगमध्ये त्याला त्या दिवसापर्यंत ऐंशीएक गोल दिले तीच सवय त्याला तिथे घेऊन गेली. अख्खा वर्ल्ड कप मिळून तो तासभरसुद्धा मैदानावर नव्हता. शेकडो मिनिटांवर मोजायच्या माणसाला एक तास दिला, त्यात एक संधी आली, ती गेली. यावरून त्याच्याबद्दल फार काही सिद्ध होत नाही.

दुसरी बाजूही आहे आणि ती सोडून दिली तर हा लेख प्रामाणिक राहणार नाही. राष्ट्रीय टीमकडून ३५ मॅच, ११ गोल, त्यातले पाच बेलीझ आणि क्युबाचे. मोठ्या डिफेन्ससमोर त्याने फार काही केलं असं म्हणता येत नाही. २०१६ च्या कोपा अमेरिकाला सेमीफायनलमध्ये अर्जेंटिनासमोर त्याला सुरुवातीपासून उतरवलं, अमेरिका ४-० हरली, त्याला बॉलच मिळाला नाही. मला वाटतं यात दोन गोष्टी मिसळल्यात. एक म्हणजे अव्वल दर्जाचे डिफेंडर नजर हटवत नाहीत, त्यामुळे त्याची चोरपावलांची जागाच आक्रसते, आणि ही त्याची खरीखुरी मर्यादा होती. दुसरं म्हणजे असा फॉरवर्ड शेजाऱ्यांवर जगतो, क्रॉस कोण कधी देणार, लेनहार्ट कुठल्या बाजूला बॉल पाडणार हे अंगात मुरायला एकत्र खेळावं लागतं, आणि राष्ट्रीय टीममध्ये ती सवय व्हायला कधी अवधीच मिळाला नाही. दोन्हींपैकी किती टक्के काय हे मी ठरवू शकत नाही, पण फक्त पहिली गोष्ट धरून निकाल देणारे घाई करतात.

आता मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. साल्वाडोरच्या त्या संध्याकाळनंतर तो परत आला आणि खेळत राहिला. २०१४ चे १४ गोल पूर्ण केले. २०१५ पासून निवृत्तीपर्यंत आणखी ७८. म्हणजे वयाच्या बत्तिशीनंतर ७८ गोल, बऱ्याच फॉरवर्डचं अख्खं करिअर एवढं नसतं. आणि गंमत बघा, २०१५ ला सॅन होजेचा कोच म्हणून कोण आलं तर डॉमिनिक किनिअर, तोच ह्यूस्टनवाला. आता त्याच्या टीमचा कॅप्टन आणि पहिल्या नावाचा स्ट्रायकर वॉन्डो. चुकलेल्या शॉटनंतर स्ट्रायकर बॉक्समध्ये जायला कचरतो, अर्धा सेकंद उशीर करतो, असं होतं, मोठमोठ्यांचं झालंय. ह्याच्या धावा कमी झाल्या नाहीत. प्रेक्षक दुसऱ्या शहरात त्याला त्या मिसवरून चिडवायचे, तरी तो त्याच सहा यार्डात जाऊन उभा राहायचा जिथे परत चुकायची शक्यता सगळ्यात जास्त. याला मी खरा धीर म्हणतो.

२०१९ ला सीझन सुरू झाला तेव्हा त्याचे १४४ गोल होते, डॉनोव्हनचे १४५. हो, तोच डॉनोव्हन. वय ३६. नवीन कोच मातियास आल्मेडा, त्याने सुरुवातीच्या काही मॅचनंतर वॉन्डोला बेंचवर बसवलं. मार्च गेला, एप्रिल गेला, एक गोल नाही. लोक म्हणायला लागले की हा १४४ वरच थांबतो. १८ मे ला शिकागो फायरविरुद्ध घरच्या मैदानावर सुरुवातीपासून उतरला आणि एका मॅचमध्ये चार गोल केले, सामना ४-१. बरोबरी, विक्रम आणि वर आणखी दोन, सगळं एका संध्याकाळी, १४८. त्यानंतर उरलेल्या सीझनमध्ये आणखी ११ टाकले आणि लीगमध्ये १५० पार करणारा पहिला खेळाडू झाला.

एक गोष्ट मध्ये कुठे बसली नाही ती इथे सांगतो. त्याची आई किओवा या मूळ अमेरिकन जमातीची, आणि तोही त्या जमातीचा सदस्य आहे, त्याचं किओवा नाव बाउ डाय, अर्थ टेकडीवरून येणारा योद्धा असा सांगतात. अमेरिकेच्या पुरुष राष्ट्रीय टीममध्ये मूळ अमेरिकन खेळाडू फार दुर्मिळ, आणि तो हे अभिमानाने सांगत आला. त्याच्यावर लिहिणाऱ्यांनी याला मिळायला हवी होती त्याच्या दहावा हिस्सा जागा दिली असं मला वाटतं.

७ नोव्हेंबर २०२१ ला एफसी डॅलसविरुद्ध सीझनची शेवटची मॅच, वय ३८, गोल केला, मॅच १-१ सुटली आणि त्यानंतर त्याने निवृत्ती जाहीर केली. १७१. पुढे २०२४ मध्ये केई कमाराने डॉनोव्हनला मागे टाकून दुसरा नंबर मिळवला, तोही ड्राफ्टमधून आलेला आणि लीगभर क्लब बदलत फिरलेला फॉरवर्ड, आणि २०२४ अखेर तो पोचला १४७ पर्यंत. तेव्हा मधला फरक २४ गोलांचा होता, आणि ह्यूस्टनच्या बेंचवर गेलेल्या वर्षांत वॉन्डोचे जे गोल होऊ शकले असते ते या हिशोबात धरलेलेच नाहीत.